डॉक्टरकाकूंची खरवडलेली राणी

डॉक्टरकाकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. वर जोडलेले हात, खाली फुलं, मधे मजकूर: 'आपल्या मंडळाचे अध्यक्ष श्री. अजय कारखानीस यांच्या मातोश्रींचे दुःखद निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' संपलं. बाईचं नाव नाही. त्या डॉक्टर होत्या, हे नाही. नवरा गेल्यावर हेच मंडळ त्यांनी एकटीनं ओढलं, हे तर नाहीच नाही. खाली पटापटा 'ओम शांती' पडायला लागले, जणू कोण आधी टाकतो याची शर्यत होती.

मला किळस आली. दुःख नंतर आलं, आधी किळस. न राहवून मी खाली लिहिलं, 'त्यांना नाव होतं.' तर कुणीतरी त्याच्यावरही जोडलेले हात टाकले.

किळस हा माझा मूळ स्वभाव नव्हे. मी नागपूरची, आमच्याकडे राग येतो, तो दणक्यात येतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत उतरतो. किळस करायला मला डॉक्टरकाकूंनी शिकवलं. मिशिगनमधल्या नोव्हायला आमचं घर त्यांच्या शेजारी. मी गाड्यांच्या सीट्स डिझाइन करायची, त्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून काकू. बुटक्या, ताठ, केस कापलेले, आणि नाकाचा शेंडा किंचित वर. तो शेंडा आणखी वर गेला की समजायचं, आता 'शी' येणार.

ती 'शी' साधी नव्हती. आयुष्यभर त्यांनी माणसांच्या गाठी, आतडी, यकृतं कापून काचेवर ठेवून पाहिली, त्यातल्या कशालाही त्या कधी शी म्हणाल्या नाहीत. एकदा माझ्याकडे जेवताना एका सडलेल्या अपेंडिक्सचं असं रसभरीत वर्णन केलं की मी वरणभाताचं ताट बाजूला सारलं. तर मलाच म्हणाल्या, "अगं सुनंदा, त्यात घाण काय? ते बिचारं आपलं काम करत होतं, बिघडलं. घाण वेगळी असते." ती वेगळी घाण म्हणजे लाळघोटेपणा, तोंडावर गोड आणि पाठीमागे कडू बोलणं, आणि आपलं काम दुसऱ्याच्या नावावर किंवा दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवणं. अशा माणसाशी हात मिळवावा लागला की गाडीत बसल्याबरोबर पर्समधून सॅनिटायझरची बाटली बाहेर यायची. कोविडच्या कितीतरी आधीपासून. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांनी, सर्जनसारखे हात चोळायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आता बोल."

गणपतीच्या पॉटलकला एकदा कार्यकारिणीतल्या एका बाईंनी श्रीखंडाचा मोठा ट्रे आणला होता. आदल्या दिवशी केलेलं, गाडीच्या डिकीत तापलेलं. डॉक्टरकाकूंनी झाकण उचललं, वास घेतला, नाकाचा शेंडा वर. "शी! यात काय काय वाढलंय ते मायक्रोस्कोपखाली दाखवू का?" आणि ट्रे सरळ कचऱ्यात. त्या बाई वर्षभर बोलल्या नाहीत. मंडळात पोट मात्र कुणाचं बिघडलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या राणीबद्दल. निवृत्त झाल्यावर त्या शहरातल्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड झाल्या. निळं जाकीट, गळ्यात पट्टी, आणि उजव्या मनगटावर ते त्यांचं कायमचं पुरुषी घड्याळ. रुंद काळा पट्टा आणि तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. हातमोजे चढवताना काच अडकते म्हणून हॉस्पिटलात लागलेली सवय, ती शेवटपर्यंत राहिली. वेळ बघायची तर आधी तळहात वर करायच्या, भीक मागितल्यासारखा.

म्युझियममध्ये इजिप्तची दालनं त्यांच्याकडे होती, आणि त्या दालनांत त्यांचं एकच दैवत, हॅटशेपसूट. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची राणी. राणी म्हटलेलं काकूंना चालायचं नाही, "फेरो म्हण, राजा होती ती." तिची कथा त्या माजघरातल्या भानगडीसारखी सांगायच्या. "बाप राजा. नवरा कोण, तर सावत्र भाऊ. म्हणजे बाप तोच सासरा! वरात काढायला नको, जिना उतरली की सासर. शी! बरं, नवरा लवकर गेला. हिला एक मुलगी, नेफरूरे. आणि नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचा एक मुलगा, एवढासा, थुटमोस. गादीवर तो, पण राज्य कोण करणार? त्याला नाक पुसायला माणूस लागत होतं. मग हिनं केलं. आधी त्याच्या नावानं, मग स्वतः मुकुट घालून. खोटी दाढी लावून पुतळे बसवले. दूर देशात जहाजं पाठवून सुगंधी झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून आणली. युद्धाची हौस नव्हती, बांधकामाची होती. डोंगराच्या पायथ्याशी असं देऊळ बांधलं की आजही माणसं तोंड उघडं टाकून बघतात. आणि ती मेल्यावर त्या मुलानं काय केलं? माणसं लावून तिचं नाव भिंतीभिंतीवरून छिन्नीनं खरवडून काढलं. पुतळे फोडून खड्ड्यात टाकले. तिच्या नावाच्या जागी बापाचं, आजोबाचं नाव घातलं."

हे त्या एकदा हळदीकुंकवाला सांगत होत्या. वाण लुटून झालं होतं, बायका तिळगूळ चघळत होत्या. एकीनं तोंड वाकडं करून विचारलं, "काकू, भावाशी लग्न वगैरे, यार, आजच्या दिवशी कशाला?"

"का? तुला भावाची शी येते आणि छिन्नीची येत नाही?"

तिथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं की ही गोष्ट इजिप्तची तेवढीच नाही.

कारण डॉक्टरकाकू कारखानीसांची दुसरी बायको. पहिली, शालिनी, पुण्यातच वारली, मुलगा अजय पाळण्यात असताना. डॉक्टर कारखानीसांना अमेरिकेला यायचं होतं आणि पोर सांभाळायला कुणी हवं होतं. मिळाली ती एम.बी.बी.एस. झालेली उषा ओगले. लग्नात कारखानीसांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मालती' लिहिलं. काकू म्हणायच्या, "सकाळी उषा उठली, दुपारी मालती जेवायला बसली. डिग्रीवर एक, पासपोर्टवर दुसरी. इमिग्रेशनवाल्यानं विचारलं, हू इज उषा? मी काय सांगू? म्हटलं, शी वॉज माय मेडन." त्यावर स्वतःच खूप हसायच्या.

अजयला त्यांनी वाढवलं. पुढे मुलगी झाली, ती आता अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये असते. पण काकूंचा जीव अजयवर जास्त होता, हे मुलगीही न रागावता सांगते. त्याला दमा होता. मिशिगनच्या थंडीत त्या त्याला पाठीला लावून हॉस्पिटलातून घरी आणि घरून हॉस्पिटलात. तो त्यांना आई म्हणायचा, दुसरी कुठली त्याला आठवणच नव्हती. अजय हायस्कुलात असताना डॉक्टर गेले. ते मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळ म्हणजे तेव्हा चार घरं, एक सतरंजी आणि शाळेच्या कॅफेटेरियातला गणपती. काकूंनी ते हातात घेतलं आणि सोडलं नाही. रविवारची मराठी शाळा त्यांची, नाटकं त्यांची, नव्याने आलेल्या पोरांना विमानतळावरून आणणं त्यांचं. हुकूमशहा होत्या का? होत्या. बऱ्याच लोकांना नकोशाही होत्या. पण नकोशा माणसाला मत देऊन घालवतात, भिंतीवरून खरवडत नाहीत.

बिघडलं ते अजयच्या लग्नात. मुलगी ऋचा, एडिसनची, तिथेच वाढलेली. न्यू जर्सीत मोठा बँक्वेट हॉल, घोडा, ढोल, सगळं. गुरुजींनी माइकवर जाहीर केलं, आता वधूचं नाव ठेवायचं. ताट आलं, तांदूळ पसरलेले. ऋचाला हा प्रकार भलताच आवडला होता. "ओह माय गॉड, this is so cute," असं मैत्रिणींना सांगत होती. नाव काय ते अजयनं कुणालाच सांगितलं नव्हतं, सरप्राइज होतं. त्यानं अंगठी काढली आणि तांदळात सावकाश लिहिलं, शालिनी.

मी दुसऱ्या रांगेत होते. काकूंच्या नाकाचा शेंडा मी पाहिला. त्या उठल्या, स्टेजवर गेल्या, आणि गुरुजींच्या माइकसमोरच त्यांच्या तोंडून निघालं, "शी!"

ती शी अख्ख्या हॉलभर घुमली.

"अजय, ते तुझ्या आईचं नाव आहे. बायकोला आईचं नाव? इजिप्तात आहेस का?"

ऋचानं विचारलं, "Wait, that's his mom's name?" कुणीतरी मान हलवली. तिनं ताटाकडे पाहिलं, अजयकडे पाहिलं. "Eww," ती म्हणाली. काकूंचीच शी, फक्त इंग्रजीत. काकूंनी ताट दोन्ही हातांनी उचलून हलवलं, तांदूळ सारखे झाले. ताट ऋचापुढे धरून म्हणाल्या, "तुझं तू लिही." आणि त्या मुलीनं बोटानं, वेड्यावाकड्या देवनागरीत, लिहिलं: ऋचा. ती आजही ऋचाच आहे.

काकूंचं बरोबर होतं. पण ते माइकवर बरोबर होतं, भर लग्नात, आणि समोर ज्याला आपली आई आठवतही नाही असा मुलगा उभा होता. त्याचा चेहरा पडला तो पडलाच. त्या दिवसानंतर अजयनं त्यांना आई म्हणणं सोडलं. भांडला नाही, आवाज चढवला नाही. फक्त इतरांसारखं 'डॉक्टरकाकू' म्हणायला लागला. "डॉक्टरकाकू, पार्किंग मिळालं ना?" "डॉक्टरकाकू, यू वॉन्ट टी?" ज्या बाईनं रात्र रात्र आपली छाती शेकली तिला काकू म्हणायचं, आणि तेही इतक्या शालीन हसऱ्या चेहऱ्यानं. उघड शिवी दिली असती तर मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. काकूंना पहिल्यांदा ते ऐकताना मी पाहिलं. त्यांनी तळहात वर केला, घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला, निघू या."

पुढे वय झालं, त्यांनी मंडळ सोडलं, आणि अध्यक्ष कोण झाला हे सांगायला नको. एका दुपारी मला त्या म्युझियममध्ये घेऊन गेल्या. तिथे देवळाच्या एका भिंतीचा मोठा फोटो होता. मधोमध माणसाच्या आकाराचा खरखरीत डाग, बाजूला देव उभे, कुणाच्याही डोक्यावर नाही अशा जागी आशीर्वादाचे हात धरून.

"बघ," काकू म्हणाल्या. "त्यांनी तिला कडेकडेनं खरवडलं. म्हणून आकार तसाच राहिला. नीट सगळी भिंत घासली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण कंटाळा! पुसणाऱ्याला नेहमी कंटाळा येतो, सुनंदा. तिथेच तो सापडतो."

मग म्हणाल्या, "मला नावाचं काही नाही गं. माझं एकदा पुसूनच झालंय. हा आई म्हणत नाही, तेवढंच." आवाजात रडं नव्हतं. त्या लगेच पुढच्या शवपेटीकडे वळल्या आणि मला मेंदू नाकातून कसा काढायचे ते सांगायला लागल्या.

मंडळानं बंद पडलेलं एक चर्च घेतलं आणि त्याचं सभागृह केलं. उद्घाटनाचं बोलावणं काकूंना ग्रुपवरूनच आलं, सगळ्यांना आलं तसं. मी त्यांना गाडीतून नेलं. त्या दिवशी त्यांनी साडी नेसली नाही, म्युझियमचं निळं जाकीट घातलं. दारावर झेंडूचं तोरण, आत अजून मेणबत्त्यांचा वास, आणि कोनशिलेवर सोनेरी अक्षरात: 'कै. डॉ. वसंत व कै. सौ. शालिनी कारखानीस सभागृह'. ज्या बाईनं अमेरिका पाहिली नाही, मंडळ पाहिलं नाही, तिचं नाव. तिचा काय दोष? मेलेल्या आईशी कोण भांडणार? अजयला हे चांगलं माहीत होतं, आणि त्याची मला सगळ्यात जास्त शिसारी आली. आपला सूड त्यानं आईच्या पदराआड उभं राहून घेतला.

आणि आत भिंतभर मोठा केलेला फोटो. पहिल्या गणपतीचा, कॅफेटेरियातला. मूळ फोटो माझ्या ओळखीचा, काकूंच्या जिन्यात वर्षानुवर्षं टांगलेला होता. मधे डॉक्टर, पुढे झब्ब्यातला छोटा अजय, त्याच्या मागे काकू. इथे काकू नव्हत्या. त्यांच्या जागी शालिनीबाई चिकटवल्या होत्या, पुण्याच्या स्टुडिओतल्या, लग्नाच्या शालूतल्या, दोन्ही हातांत फुलांचा गुच्छ धरलेल्या. उजेड भलत्याच बाजूनं, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. लोक समोर उभे राहून "किती सुंदर", "सो टचिंग" म्हणत होते. यातल्या निम्म्यांना काकूंनी विमानतळावरून घरी आणून पिठलंभात घातला होता. कुणाचं तोंड उघडलं नाही. बटाटेवड्यांच्या ट्रेपाशी मात्र सगळ्यांची तोंडं चालू होती.

मी अजयला गाठलं. "हे काय केलंस?"

"मावशी, प्लीज. I just wanted आई and बाबा together. त्यांचा एकही अमेरिकेतला फोटो नाहीये. इज दॅट सो राँग?"

"आणि ही कोण होती मग?"

"डॉक्टरकाकूंना आम्ही रिस्पेक्ट करतोच ना," तो म्हणाला आणि कुणाला तरी हात करत निघून गेला.

काकू फोटोपुढे उभ्या होत्या. मी वाट बघत होते ती शी आली नाही. त्यांनी गाइडसारखा हात उंचावला आणि जवळ उभ्या असलेल्या दोनचार जणांना, अगदी म्युझियमच्या आवाजात, म्हणाल्या, "हे बघा. बाईंचे दोन्ही हात गुच्छावर आहेत. डॉक्टरांचे दोन्ही खिशात. मग मुलाच्या खांद्यावर हात कुणाचा?"

तेव्हा सगळ्यांना दिसलं. छोट्या अजयच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. फक्त हात. मनगटावर रुंद काळा पट्टा, तबकडी नाही. कापणाऱ्याला तेवढं कापायचा कंटाळा आला होता. काकूंनी आपला हात त्याच्या शेजारी धरला. ऋचा पुढे आली, तिनं नीट पाहिलं आणि मागे वळून नवऱ्याकडे इतकं थंड बघितलं की मला आत कुठेतरी बरं वाटलं.

काकू हळूच मला म्हणाल्या, "थुटमोसाच्या माणसांना निदान परांचीवर चढून छिन्नी मारावी लागली असेल, घाम गाळावा लागला असेल. यानं सोफ्यावर बसून केलं."

तेवढ्यात फोटोग्राफरनं हाक मारली, अध्यक्षांचा कुटुंबासह फोटो. अजय खुर्चीवर बसला. आता तोही पिकलेला, पोट सुटलेला. काकूंना कुणी बोलावलं नाही. त्या आपल्या आपण चालत गेल्या, त्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, त्याच जागी. सगळा हॉल बघत होता. अजय ताठ झाला. मान न वळवता, ओठ न हलवता तो पुटपुटला, "आई, प्लीज."

मी जवळ होते, मला ऐकू आलं. डोळ्यांपुढे कॅमेरा, मागे तो हात, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून भीतीनं तेच निघालं.

"हं," काकू म्हणाल्या. "आता काप."

फ्लॅश पडला. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आजतागायत आलेला नाही. कापता येत नसावा.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. गाडीत बसल्यावर काकूंनी सवयीनं पर्स उघडली, सॅनिटायझरची बाटली काढली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझंच मन म्हणत होतं, चोळा काकू, चांगले घासून चोळा, त्या माणसाला हात लावून आलात. मला अजूनही त्याची किळस येत होती आणि खरं सांगायचं तर आजही येते. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, उजव्या तळहाताकडे जरा वेळ पाहिलं, जसं घड्याळात पाहायच्या तसं. मग झाकण लावलं, बाटली परत ठेवली, आणि पर्सची चेन ओढली.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "चल, हीटर लाव."